आखाजीला घरी ये

जळगाव

चि. प्रमोद यास,


पुरस्काराची बातमी पेपरात वाचली. पुस्तकही वाचून झालं. चांगलं लिहिलंयस, शेवटची दोन प्रकरणं तेवढी घाईत उरकलीस.

गावात तुझा सत्कार ठरतोय म्हणे. मंडप, शाल-श्रीफळ, आमदार, सगळं साग्रसंगीत. नाही म्हणू नकोस, लोकांना हौस असते. पण त्याआधी घरी ये. दादाला, तुझ्या बापाला, स्टेजवर बोलावून पाया पडायचं आणि फोटो काढून घ्यायचा, हे मला मुळीच आवडणार नाही. त्याची उधारी, त्याचा राग, त्याने विकलेली बैलजोडी, सगळं तू छापलंस, तेही त्याला न विचारता. लेखकाला लिहावं लागतं, कबूल. मग त्याच्यासमोर बसायलाही हवं. ओट्यावर बसून ते प्रकरण तूच त्याला वाचून दाखव. तो मध्येच म्हणेल, ‘असं नव्हतं रे.’ वाद घालू नकोस, आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग तर नकोच नको.

आजीच्या ओव्या तू पुस्तकात जागोजागी घातल्यास, तिचं नाव मात्र कुठेच नाही. आपल्या जिल्ह्यातल्या पोराने असं करावं? सोपानदेव चौधरी स्वतः नावाजलेले कवी. आई बहिणाबाईंची गाणी त्यांनी आणि त्यांच्या मावसभावाने टिपून ठेवली म्हणून ती उरली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या, १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं, ते बहिणाबाईंच्याच नावाने. लोक अत्र्यांच्या पारखीचं कौतुक करतात, ते बरोबरच आहे. मला मात्र वही घेऊन बसलेला तो मावसभाऊ मोठा वाटतो. बहिणाबाईंना ते पुस्तक बघायला मिळालं नाही. तुझी आजी अजून आहे. पुढच्या आवृत्तीत तिचं नाव घाल, आणि ती प्रत तिच्या हातात दे.

पैशाचं म्हणशील तर दादाच्या हातात नोटा ठेवू नकोस, तो घेणार नाही. सोसायटीचं कर्ज थकलंय. गटसचिवाला भेटून परस्पर भर, आणि हे कुठल्या मुलाखतीत सांगू नकोस.

आखाजीला मी माहेरी जाणार आहे. वहिनी खापरावर मांडे करणार, आमरस असेलच. भुसावळला उतरलास की फोन कर, म्हणजे कुणाला तरी मोटरसायकल घेऊन पाठवते. सुनेला आणि मुलीलाही आण. मुलीला झोका बांधायला निंब अजून आहे.

तुझी आत्या