घळ, गुहा आणि लेणे

मुंबई बंदरातील घारापुरी बेट आणि रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवीचा किनारा या दोन्ही स्थळी खडक एकाच कुळातला, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा बेसॉल्ट होय. मराठीने मात्र तेथील पोकळ्यांना भिन्न नावे दिली आहेत.

हेदवीस उमामहेश्वर मंदिरानजीक बामणघळ आहे. थिजताना आकसलेल्या लाव्ह्यात भेगा पडतात. त्यांत लाटा शिरतात, कोंडलेली हवा खडकास रेटते आणि कालांतराने चिंचोळी घळ तयार होते. भरतीच्या वेळी तीतून पाणी उंच उसळते. दासबोधाचे लेखनस्थान म्हणून परंपरेने मानलेली शिवथरघळही निसर्गनिर्मितच.

घारापुरीची गोष्ट वेगळी. तेथे इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास शिल्पकारांनी कातळ कोरून स्तंभ, गर्भगृह आणि त्रिमुखी सदाशिव साकारला. म्हणून ते लेणे. या शब्दाचे प्राकृत रूप 'लेण' नाशिकच्या प्राचीन शिलालेखांत आढळते. म्हणजे हा शब्द सुमारे दोन सहस्रके जुना आहे.

इंग्रजीतील 'केव्ह' या एकाच शब्दात घळ, गुहा आणि लेणे तिन्ही सामावतात. त्यावरून मराठीत परतताना 'एलिफंटाच्या गुहा' असे लिहिले जाते आणि शिल्पकाराचे श्रेय नकळत समुद्राच्या खाती जमा होते. अनुवादकाने शब्द निवडण्यापूर्वी एवढेच विचारावे : ही पोकळी पाण्याने केली की छिन्नीने?