मोटारगाडीची खरेदी व दुकानदाराचे छुपे आकार

ज्या शेतकऱ्यानें आपला माल पेठेंत नेऊन विकला आहे, त्यास हिशेबपट्टी म्हणजे काय हें सांगावयास नको. भाव ठरला एक आणि हातीं पडली रक्कम दुसरी, हा अनुभव आपल्या आज्या-पणज्यांपासूनचा आहे. अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय, अशा नांवांखालीं पट्टींत एकामागून एक वजाबाकी होत असे. आणि त्यांतील कोणती रूढीची व कोणती दुकानदाराच्या मर्जीची, हें विकणाऱ्यास कळत नसे. वऱ्हाडांत कारंजा येथें १८८६ सालीं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. मुंबई इलाख्यांत १९२७ सालीं कापूसबाजारांचा व १९३९ सालीं शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. या सर्वांच्या मुळाशीं हीच तक्रार होती. कायद्यानें अडत किंवा हमाली बंद केली नाहीं. कोणता आकार कोणी, किती व कोणास द्यावयाचा हें उघड ठरविण्यास भाग पाडलें. फळें व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदारानें द्यावी हा महाराष्ट्र सरकारचा निर्णय तर अगदीं अलीकडचा, २०१६ सालचा आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय बाजार समिती नसून मोटारगाडी आहे. परंतु मोटारीच्या दुकानांत हातीं पडणारा अंदाजाचा कागद हा त्या जुन्या पट्टीचाच उलटा प्रकार होय. तेथें वजाबाकी चाले, येथें बेरीज चालते.

अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर या पट्ट्यांतील वाचकांस हा विषय जिव्हाळ्याचा वाटेल. बुवापाड्याच्या नांवांत पाडा उरला असला तरी भोंवतीं आतां शहर आहे. कारखाने, वसाहती व रस्ते यांकरितां या भागांतील जमिनी वेळोवेळीं गेल्या. बडोदा-मुंबई द्रुतगति मार्गाकरितां बदलापूरच्या बाजूच्या जमिनी गेल्या त्यासहि फार काळ लोटला नाहीं. मोबदल्याची रक्कम घरांत आली कीं मुलांचें पहिलें मागणें बहुधा गाडीचें असतें. त्यांत गैर असें कांहीं नाहीं. गाडी उपयोगाची वस्तु आहे. परंतु हा पैसा एकदांच येणारा आहे. पिकाचा पैसा बुडाला तर पुढील हंगामाची आशा असते, तशी येथें नसते. म्हणून त्यांतील पंचवीस-तीस हजार रुपये नुसत्या संकोचापायीं सोडून देणें परवडण्याजोगें नाहीं.

उदाहरणादाखल असें समजूं कीं, बुवापाड्याचा एक शेतकरी सात लाख रुपये दुकान-किंमतीची, पेट्रोलवर चालणारी, बाराशे घन सेंटिमीटरच्या आंतील इंजिनाची मोटार कर्ज काढून घेत आहे. दुकान-किंमतीस तेथें एक्स-शोरूम असें म्हणतात. वस्तु व सेवा कर हिच्यांतच असतो. दुकानदारानें दिलेल्या कागदावर पुढील आंकडे आहेत: नोंदणी ८४,०००, विमा ४२,०००, हाताळणी ६,५००, आवश्यक साहित्याचा संच १४,०००, वाढीव हमी ११,०००, फास्टॅग १,०००. एकूण ८,५८,५००. कागद छापील आहे, वर कंपनीचें चिन्ह आहे, आणि सर्व ओळी एकाच ठशाच्या असल्यामुळें सर्वच सारख्या सक्तीच्या दिसतात. फसगत होते ती येथेंच.

या कागदावर विचारावयाचा प्रश्न एकच: ही रक्कम शेवटीं कोणाच्या हातीं जाते? धनी चारच संभवतात: सरकार, विमा कंपनी, कर्ज देणारी बँक आणि स्वतः दुकानदार. पहिले तिघे आपल्या नांवाची निराळी पावती देतात. ज्या रकमेस त्या तिघांपैकीं कोणाचीहि पावती नाहीं, ती दुकानदाराची. आणि दुकानदाराच्या रकमेविषयीं घासाघीस करण्याचा किंवा ती नाकारण्याचा अधिकार ग्राहकास पूर्ण आहे.

आतां नोंदणीची ओळ घेऊं. महाराष्ट्रांत व्यक्तीच्या नांवें असलेल्या पेट्रोलच्या मोटारीवरील एकरकमी कर दहा लाखांपर्यंत शेंकडा ११, वीस लाखांपर्यंत १२ व त्यापुढें १३ आहे. डिझेलच्या गाडीस हेच दर १३, १४ व १५ आहेत. म्हणजे आपल्या शेतकऱ्याचा कर ७७,००० रुपये झाला. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें हलक्या खाजगी वाहनाचें नोंदणीशुल्क ६०० रुपये, नोंदणीपत्राच्या कार्डाचे २०० रुपये, आणि कर्जाचा बोजा नोंदविण्याचे १,५०० रुपये. सात-बाराच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा चढतो, तशीच ही नोंद आहे. कर्ज फिटल्यावर ती उतरवून घेण्यास विसरूं नये. बेरीज ७९,३०० होते. उपकर, टपाल इत्यादि किरकोळ बाबी धरल्या तरी ती ८१ हजारांच्या आसपास थांबते. कागदावर मात्र ८४ हजार आहेत. वरचे तीन हजार कशाचे, हें विचारल्यावर बहुधा कल्याणच्या परिवहन कार्यालयांतील खेपांचें कारण सांगण्यांत येतें. वस्तुतः नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज त्याच राज्यांतील विक्रेत्यानेंच करावा, असें मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ मध्यें आतां नमूद आहे. कर व शुल्क संगणकावरून भरलें जातें आणि त्याची सरकारी पावती निघते. ती पावती मागावी, आणि तिच्यावर जेवढा आंकडा असेल तेवढेच पैसे नोंदणीच्या नांवानें द्यावे.

हाताळणी ही दुसरी ओळ. कोणी हिला लॉजिस्टिक, कोणी डेपो, कोणी फाइल चार्ज म्हणतात. नियमांतील शुल्कतक्त्यांत या नांवाचें कोणतेंहि शुल्क नाहीं. दुकान-किंमत म्हणजेच दुकानीं उभ्या असलेल्या गाडीची किंमत. ती तेथवर आणल्याबद्दल पुन्हां पैसे मागणें म्हणजे घरपोंच ठरलेल्या खताच्या पोत्यावर दारांत आल्यावर गाडीभाडें मागण्यासारखें आहे. ही ओळ खोडावयास सांगावी. विक्रेता बहुधा वाद न घालतां खोडतो, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. मात्र ती खोडल्यावर दुसरीकडे सूट कमी झाली नाहीं ना, हें शेवटच्या बेरजेंत पहावें. नंबरपाटीचीहि तीच गोष्ट. १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाड्यांस सुरक्षित नंबरपाटी कारखानदारानेंच पुरवावयाची आहे. तेव्हां तिच्या नांवाची निराळी ओळ दिसल्यास खुलासा मागावा.

सर्वांत अधिक पैसा विम्याच्या ओळींत लपतो, म्हणून तिचा विचार सावकाश केला पाहिजे. कायद्यानें सक्तीचा आहे तो तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळें १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा दर सरकारी अधिसूचनेनें ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकांत खाजगी मोटारीचा तीन वर्षांचा हप्ता हजार घन सेंटिमीटरपर्यंत ६,५२१ रुपये, त्यापुढें पंधराशेपर्यंत १०,६४० रुपये व त्याहून मोठ्या इंजिनास २४,५९६ रुपये असा धरला होता, कर निराळा. म्हणजे ४२ हजारांपैकीं सक्तीचा भाग साडेबारा हजारांच्या घरांत आहे. उरलेली रक्कम आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याची व त्यास जोडलेल्या पुरवण्यांची. हा विमा घेऊं नये असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं; नव्या गाडीस तो असावाच, आणि कर्ज असल्यास बँकहि त्याचा आग्रह धरते. परंतु त्याचा दर कंपनीगणिक बदलतो, आणि दुकानदाराचा लाभ या बदलांतच असतो. विमा नियामक प्राधिकरणानें २०१७ सालीं मोटारविक्रेत्यांस घालून दिलेल्या नियमांत, कोणत्या कंपनीचा विमा घ्यावयाचा हें ठरविण्याची मोकळीक ग्राहकास ठेविली आहे. यास्तव बाहेरून दोन ठिकाणचे दर आणावे. मात्र तुलना करतांना गाडीची विमा-किंमत व पुरवण्या दोहोंकडे सारख्याच आहेत कीं नाहींत हें पहावें; नाहीं तर विमा-किंमत कमी धरून हप्ता स्वस्त दाखविणारा बाहेरचा दलालहि तितकाच फसवितो. दुकानांत एक भीति हमखास घातली जाते कीं, बाहेरचा विमा असल्यास अपघातानंतर रोख पैसे न भरतां दुरुस्ती होणार नाहीं. ज्या कंपनीचा विमा घ्यावयाचा, तिच्या मान्य कारखान्यांच्या यादींत आपल्या जवळचा कारखाना आहे कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे या भीतीचा निकाल लागतो. मालक-चालकाच्या पंधरा लाखांच्या अपघातविम्याविषयींहि असेंच. तो आधींच्या गाडीवर किंवा स्वतंत्रपणें घेतलेला असेल, तर नव्या गाडीबरोबर पुन्हां घेण्याचें कारण नाहीं. तसें लिहून द्यावें लागतें इतकेंच.

साहित्याचा संच, रंगावरील लेप, वाढीव हमी, वाटेंतील मदतीचें वर्गणीपत्र, या सर्व ऐच्छिक वस्तु आहेत. पायपुसणें व चिखलपट्टी बाजारांत निम्म्या किंमतींत मिळते हें कोणासहि ठाऊक आहे. वाढीव हमी कित्येकदां घेण्याजोगी असते. पण ती मूळ हमीची मुदत संपण्यापूर्वीं केव्हां घेतां येते तें विचारावें, म्हणजे पहिल्याच दिवशीं अकरा हजार अडकवावे लागत नाहींत. संच घेतल्याखेरीज गाडी मिळणार नाहीं असें कोणी म्हणेल, तर एका वस्तूकरितां दुसरी घेण्याची सक्ती करणें ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याप्रमाणें निर्बंधकारी व्यापारप्रथा ठरते. ही गोष्ट शांतपणें सांगितली तरी पुष्कळदां पुरते.

कर्जाच्या बाबतींत दुकानांतील टेबलाशीं बसलेला मनुष्य बँकेचा नोकर आहे कीं दलाल, हें आधीं विचारावें. हा मनुष्य पुष्कळ वेळां सरसकट व्याजाचा दर सांगतो. पांच लाखांवर पांच वर्षें सरसकट शेंकडा ८ म्हणजे व्याज दोन लाख व महिन्याचा हप्ता सुमारें ११,६६७ रुपये. घटत्या शिलकेवर हाच दर शेंकडा १४ च्या वर जातो. रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेनें १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा कर्जांस मुख्य तपशिलांचें पत्रक देणें सक्तीचें झालें आहे. त्यांत सर्व आकार धरून पडणारा वार्षिक दर लिहिलेला असतो, आणि त्यांत नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेतां येत नाहीं. हें पत्रक हातीं आल्यावांचून सही करूं नये.

दहा लाखांहून अधिक किंमतीची गाडी घेणाऱ्यास आणखी एक ओळ दिसेल: शेंकडा १ प्रमाणें आयकर. हा खरोखर सरकारजमा होतो. बारा लाखांच्या गाडीवर तो बारा हजार होतो. परंतु हा वेगळा कर नसून आगाऊ वसुली आहे. वर्षअखेरीस विवरणपत्र भरल्यास तो आपल्या करांत वळता होतो किंवा परत मिळतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाहीं म्हणून आपल्यापैकीं अनेक जण विवरणपत्र भरीत नाहींत, आणि हे पैसे कायमचे सोडून देतात. त्या एका वर्षापुरतें तरी तें भरावें, व बिलावर आपला पॅन क्रमांक बरोबर पडला आहे ना हें पहावें. रोखीचा व्यवहार शक्य तों टाळावा. एका व्यवहारांत दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास विक्रेत्यास कायद्याची मनाई आहे.

या सर्व उपायांवर पाणी पाडणारी एक गोष्ट म्हणजे मुहूर्त. पाडवा किंवा दसऱ्याच्या सकाळीं सारें कुटुंब नवे कपडे घालून दुकानीं जमलेलें असतें. नारळ, हार व पेढे आलेले असतात, आजीस गाडींत बसविण्याची घाई असते. अशा वेळीं रोखपालानें अठरा हजारांचा आणखी एक कागद पुढें केला तर घरचा कर्ता चारचौघांत वाद न घालतां तो भरून मोकळा होतो. विकणारास हें पक्कें ठाऊक असतें. नोंदणी होऊन नंबरपाटी लागल्याशिवाय नवी गाडी ताब्यांत देतां येत नाहीं, त्यामुळें कर व विमा मुहूर्ताच्या आधींच भरला जातो. त्याच वेळीं संपूर्ण हिशेब मिटवून ‘यापुढें कांहीं येणें नाहीं’ असें दुकानाच्या कागदावर सहीनिशीं लिहून घ्यावें. मुहूर्ताच्या दिवशीं केवळ किल्ली घेण्याचें काम राहूं द्यावें. आगाऊ नोंदविण्याची रक्कम लहान द्यावी, आणि ती परत मिळण्याच्या अटी व ताबा देण्याच्या दिवशींचा भाव लागू करण्याचें कलम, हीं दोन्हीं मागणीपत्राच्या मागील बारीक छपाईंत शोधून वाचावीं.

इतकें करूनहि अधिक पैसे गेले असतील, तर प्रथम दुकानास लेखी पत्र द्यावें व त्याची पोंच घ्यावी. पैसे घेऊन बिल न देणें हीहि कायद्यानें अनुचित व्यापारप्रथा आहे. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक दूरध्वनीवर तक्रार नोंदवितां येते. तेवढ्यानें न भागल्यास ठाणें जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जावें. तक्रारदार रहात असेल त्या जिल्ह्यांत तक्रार करण्याची सोय नव्या कायद्यांत आहे. मुदत दोन वर्षांची. पांच लाखांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क नाहीं, पांच ते दहा लाखांस २०० रुपये आहे. अंदाजाचा पहिला कागद येथें फार उपयोगी पडतो, म्हणून तो फेंकून देऊं नये.

ट्रॅक्टर घेणाऱ्यांनींहि वरील पद्धतीनेंच कागद तपासावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील वस्तु व सेवा कर शेंकडा १२ वरून ५ वर, व लहान मोटारींवरील १८ वर आला आहे. अंदाजाच्या कागदावर कराचा दर व कागदाची तारीख या दोन्ही गोष्टी मागून लिहवून घ्याव्या.