कानबाईच्या जागरणाचे फोटो

प्रश्न : श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. रात्रीच्या जागरणाचे फोटो फ्लॅश मारूनही पांढरेफटक येतात. नवा कॅमेरा घ्यावा का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : गरज नाही, आधी फ्लॅश बंद करा. त्याचा उजेड कानबाईच्या नथीवर, जरीवर चकाकतो आणि मागची मंडळी काळोखात जातात. आयएसओ १६०० ते ३२००, अ‍ॅपर्चर एफ १.८ किंवा लेन्स देईल तितकं मोठं आणि शटर १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने या शटरवर एलईडीचे पट्टे सहसा उमटत नाहीत. मोबाइलचा नाइट मोड फक्त स्थिर चौरंगासाठी वापरा. फुगडी त्यात पुसट होते. ट्रायपॉड समयांपासून दूर ठेवा. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, विसर्जनाला दिवसाचा उजेड असेल, तेव्हा साधा मोबाइलही पुरेल.