फाट्यावरील टक्कर : संवेग आणि गतिज ऊर्जा

दिवाळीच्या सुमारास लातूर व नांदेड जिल्ह्यांतील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि लातूर, अहमदपूर, लोहा व नांदेड यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ वर उसाच्या ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. शिवारातून येणारा पाणंद रस्ता महामार्गास जेथे काटकोनात मिळतो, तो फाटा अशा वेळी जोखमीचा ठरतो. तेथे होणारी टक्कर द्विमितीय असते. वाहने एका रेषेत समोरासमोर येत नाहीत, तर दोन निरनिराळ्या दिशांनी येऊन आदळतात. महाविद्यालयाच्या वर्गात रुक्ष वाटणारा हा पाठ म्हणूनच ग्रामपंचायत सदस्यांच्याही उपयोगाचा आहे.

वस्तुमान व वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. त्याला दिशा असते. वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचे निम्मे म्हणजे गतिज ऊर्जा. तिला दिशा नसते. टक्करीच्या अल्प क्षणात बाहेरील बले नगण्य मानली, तर एकूण संवेग प्रत्येक दिशेत स्वतंत्रपणे कायम राहतो. गतिज ऊर्जा मात्र केवळ पूर्ण स्थितिस्थापक टक्करीतच कायम राहते.

शिक्षकांनी याचा आरंभ कॅरमच्या फळ्यावर करावा. स्थिर सोंगटीवर तेवढ्याच वजनाची दुसरी सोंगटी तिरकी आदळली, तर दोघी जवळजवळ काटकोन करून दुरावतात. वस्तुमाने समान असल्याने मूळ वेग हा नंतरच्या दोन वेगांची सदिश बेरीज असतो. ऊर्जेच्या नियमाने मूळ वेगाचा वर्ग हा त्या दोन वेगांच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो. हा तर काटकोन त्रिकोणाचा परिचित सिद्धांत! स्ट्रायकर मात्र १५ ग्रॅमपर्यंत व सोंगटी सुमारे ५ ग्रॅम वजनाची असते. त्यामुळे खेळाडू कितीही कुशल असला, तरी तेवढा जड स्ट्रायकर स्थिर सोंगटीवर आदळून आपल्या मार्गापासून सुमारे २० अंशांहून अधिक वळत नाही. जड वस्तू आपली दिशा सहजासहजी सोडत नाही.

आता फाट्याकडे वळू. हिशेबासाठी असे धरू की, महामार्गावरून १,५०० किलोग्रॅमची जीप सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने येत आहे. पाणंद रस्त्यावरून ट्रॅक्टर व उसाने भरलेल्या ट्रॉल्या, एकूण १५,००० किलोग्रॅम, सेकंदाला २ मीटर वेगाने महामार्गावर येत आहेत. दोघांचाही संवेग ३०,००० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद, अगदी समान. ऊर्जा मात्र जीपची ३,००,००० ज्यूल व ट्रॅक्टरची केवळ ३०,०००.

टक्करीनंतर दोन्ही वाहने एकमेकांत अडकून सरकली असे मानू. संवेग समान असल्याने ती ४५ अंशांच्या कोनात, सेकंदाला सुमारे २.५७ मीटर वेगाने जातील. तेव्हाची गतिज ऊर्जा सुमारे ५४,५०० ज्यूल. उरलेली पावणेतीन लाख ज्यूल ऊर्जा कोठे गेली? ती पत्रा चेपण्यात, काचा फुटण्यात, उष्णतेत आणि प्रवाशांच्या शरीरांना झालेल्या इजेत खर्च झाली.

ही इजा दोन्ही पक्षांना सारखी होत नाही. एकाने गमावलेला संवेग दुसऱ्यास मिळतो हे खरे. परंतु जीपच्या वेगात सेकंदाला सुमारे १८.३ मीटरचा बदल होतो, तर ट्रॅक्टरच्या वेगात १.८३ मीटरचा. हलक्या वाहनातील माणसास दहापट धक्का बसतो. मोटारसायकलस्वाराची गत याहून बिकट, कारण त्याच्याभोवती चेपायला पत्राही नसतो.

जीपचा वेग निम्मा, ताशी ३६ किलोमीटर असता तर? नष्ट होणारी ऊर्जा निम्मी नव्हे, सुमारे एकचतुर्थांश, म्हणजे ७१,००० ज्यूल झाली असती. वेगाच्या वर्गाचा हा परिणाम हॉलंडमधील ग्रावेसांद या शास्त्रज्ञाने १७२२ च्या सुमारास मऊ मातीत पितळी गोळे टाकून दाखविला. आपल्याकडील काळ्या चिकण मातीत तो कोणत्याही शाळेला करून पाहता येईल. गोळा २५ सेंटीमीटर व १ मीटर उंचीवरून टाकावा. दुसऱ्या वेळी आदळण्याचा वेग दुप्पट होतो, पण मातीतील खड्ड्याचे आकारमान जवळजवळ चौपट भरते.

ग्रामपंचायतीच्या दृष्टीने याहून निकडीची बाब फाट्याजवळील वेड्या बाभळीची आहे. झुडपांमुळे ट्रॅक्टर ४० मीटरवर आल्यावरच दिसतो असे समजा. चालकास भान येण्यास १ सेकंद लागतो आणि ब्रेकने वेग दर सेकंदाला ५ मीटरने घटतो असे धरले, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाची जीप २० मीटरमध्येच थांबते. ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या जीपला ६० मीटर लागतात. उपलब्ध ४० मीटर संपतात तेव्हाही तिचा वेग ताशी सुमारे ५० किलोमीटर असतो. रस्त्याकडेची झुडपे तोडून ट्रॅक्टर ६० मीटरवरूनच दिसू लागला आणि रात्रीसाठी ट्रॉलीच्या मागे व बाजूंना रिफ्लेक्टर बसविले, तर हीच जीप ट्रॅक्टरपाशी पोहोचता पोहोचता थांबेल.