रूटची किल्ली आणि खिडकीवाले प्रोग्रॅम

दुकानाच्या संगणकावर लिनक्स वापरणाऱ्या व्यापारी बांधवांना एक अडचण हमखास येते. एखादी फाईल उघडते, वाचता येते, पण बदल करून सेव्ह करायला गेलो की परवानगी नाकारली जाते. सिस्टिमच्या फाईली 'रूट' नावाच्या मालकाच्या असतात आणि आपण रोज काम करतो ते साध्या वापरकर्त्याच्या नावाने. मुनीमजी खातेवही लिहितात, पण दुकानाचा करारनामा बदलू शकत नाहीत, तसेच हे.

२०१७ साली आमच्याकडे उबुंटू १६.०४ होते. दोन्ही काउंटरवर एकच स्टॉकबुक दिसावे म्हणून सांबाच्या सेटिंगची फाईल बदलायची होती. आम्ही टर्मिनलमध्ये 'सुडो' लिहून पुढे जी-एडिट सुरू केले. काम झाले, आम्ही खूष! दुसऱ्या दिवशी पासवर्ड बरोबर देऊनही स्क्रीन क्षणभर काळी होई आणि पुन्हा पासवर्डच मागे. ईदच्या आधीची गर्दी, गिऱ्हाईक उभे, आणि बिले हाताने फाडायची पाळी आली. चूक आमचीच होती.

खिडकीवाले प्रोग्रॅम चालताना वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये बारीकसारीक फाईली लिहितात. त्या वेळच्या उबुंटूत सुडोने माणूस रूट होई, पण होम फोल्डर आपलेच राही. त्यामुळे 'डॉट एक्स-ऑथॉरिटी' ही आमची फाईल रूटच्या नावावर गेली, आणि ती हाती नसेल तर डेस्कटॉप उघडत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-१ एकत्र दाबून आम्ही काळ्या पडद्यावर लॉगिन केले. 'चाउन' या आज्ञेने फाईलची मालकी परत आमच्या नावावर केली, तेव्हा गाडी रुळावर आली.

यावर पूर्वी 'जीकेसुडो' हा उपाय सांगत. २०१८ च्या उबुंटू १८.०४ मधून तो काढून टाकला. १९.१० पासून सुडोने होम फोल्डरही रूटचेच धरले जाते, म्हणून आमच्यासारखा घोटाळा आता कमी होतो. 'पीकेएक्सेक' खिडकीत पासवर्ड विचारते. जीपार्टेडसारखे प्रोग्रॅम मेनूतून उघडले की हाच प्रकार घडतो. मात्र त्यातही २००९ पासूनची एक खोट जानेवारी २०२२ मध्ये उघडकीस आली. तिच्यामुळे कोणीही साधा वापरकर्ता रूट होऊ शकत होता. दुरुस्ती लगेच निघाली, पण ज्यांनी तेव्हापासून अपडेट केलेले नाही त्यांनी आजच करावे.

फाईल बदलण्यासाठी आम्ही आता 'सुडोएडिट' वापरतो. ते फाईलची तात्पुरती नक्कल काढते, संपादक आपल्याच नावाने चालतो, आणि सेव्ह करून बंद केल्यावर नक्कल मूळ जागी जाते. म्हणजे किल्ली फक्त ने-आण करण्यापुरती. ज्यांना माऊसच बरा वाटतो त्यांनी ग्नोमच्या फाईल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एल दाबून 'अ‍ॅडमिन', कोलन, तीन तिरक्या रेषा आणि पुढे 'ईटीसी' इंग्रजीत लिहावे. मॅनेजर आपलाच राहतो, पासवर्ड त्या फोल्डरपुरता लागतो.

सांबाची फाईल बदलल्यावर 'टेस्टपार्म' ही आज्ञा चालवून पाहावी. कोठे चुकले असल्यास ती सांगते, मगच सांबा पुन्हा सुरू करावे.