तंत्रज्ञानाची गरज कशी ठरवावी?

वातावरणात कार्बन डाय-ऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड यांसारखे काही वायू अत्यल्प प्रमाणात असतात. सूर्यप्रकाश त्यांच्यातून सहज खाली येतो; परंतु तापलेल्या भूपृष्ठाकडून अवकाशात परत जाणारी उष्णता ते काही अंशी अडवून धरतात. म्हणून त्यांना ‘हरितगृह वायू’ असे नाव पडले. कोळसा आणि खनिज तेल यांच्या वाढत्या वापराबरोबर या वायूंचे प्रमाण वाढत गेले आणि त्याबरोबर पृथ्वीचे सरासरी तपमानही वाढू लागले. यावर उपाय योजण्यासाठी १९९२ साली रिओ द जानेरो येथे जगातील राष्ट्रांनी एका करारावर सह्या केल्या. विकसनशील देशांना योग्य तंत्रज्ञान मिळावे म्हणून विकसित देशांनी साहाय्य करावे, असे त्या करारात नमूद केलेले आहे.

योग्य तंत्रज्ञान कोणते, हा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही. देणाऱ्यापाशी जे तयार आहे तेच घेणाऱ्याच्या उपयोगाचे असेल, असे नाही. म्हणूनच २००१ साली मॅराकेश येथे भरलेल्या परिषदेत असे ठरले की, तंत्रज्ञानविषयक गरजांचे मूल्यमापन हे मूलतः त्या त्या देशाने स्वतः करावयाचे कार्य आहे. हे मूल्यमापन कसे करतात आणि त्यात चूक होण्याचा संभव कोठे असतो, हे भारतातील काही उदाहरणांवरून पाहता येईल.

मूल्यमापनाचे टप्पे

तंत्रज्ञान म्हणजे केवळ यंत्र नव्हे. यंत्र चालविण्याचे व दुरुस्त करण्याचे कौशल्य आणि ते यंत्र परवडेल, मिळेल व टिकेल अशी व्यवस्था, या दोन गोष्टीही त्यात येतात. तिन्हींपैकी एकाचीही उणीव राहिली, तर उरलेल्या दोन व्यर्थ ठरतात.

मूल्यमापनाचे काम सामान्यतः पाच टप्प्यांनी होते. जेथे उत्सर्जन मोठे आहे आणि विकासाची निकडही आहे, अशी क्षेत्रे प्रथम निवडली जातात. नंतर प्रत्येक क्षेत्रातील उपलब्ध पर्यायांची यादी केली जाते. तिसऱ्या टप्प्यात त्या पर्यायांना कसोट्या लावल्या जातात : उत्सर्जन किती घटेल, खर्च किती येईल, रोजगारावर व आरोग्यावर कोणता परिणाम होईल. चौथा टप्पा अडथळ्यांच्या शोधाचा आणि पाचवा प्रत्यक्ष योजना आखण्याचा होय. कागदावर हा क्रम सरळ दिसतो. पण व्यवहारात खरी परीक्षा तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यांवरच होते.

कसोट्यांचा परस्परविरोध

विटा भाजण्याच्या धंद्याचे उदाहरण घेऊ. उत्तर भारतात दूरवर पसरलेली खंदकाची वीटभट्टी १८७६ साली बुल नावाच्या इंग्रज अभियंत्याने शोधून काढली. या भट्टीत विटा जागच्या जागी राहतात आणि आग त्यांच्यामधून पुढे पुढे सरकत जाते. कामगार तापलेल्या माथ्यावर उभे राहून वरच्या छिद्रांतून कोळसा टाकीत असतात. या पद्धतीत इंधन फार जळते आणि धूरही फार होतो.

तिला पर्याय म्हणून चीनमध्ये विकसित झालेली उभी भट्टी १९९६ साली मध्य प्रदेशात दतिया येथे प्रथम उभारण्यात आली. या भट्टीत आग मध्यभागी स्थिर असते. कच्च्या विटा वरून खाली उतरत जातात. वर चढणारे उष्ण वायू त्यांना आगीपाशी पोचण्यापूर्वीच तापवितात आणि खालून येणारी हवा भाजलेल्या विटांना थंड करता करता स्वतः तापते. इंधनाच्या बचतीची एकच कसोटी लावली, तर ही भट्टी पहिल्या क्रमांकावर येते. परंतु मातीच्या प्रतीविषयी ती चोखंदळ असते. सर्व ठिकाणच्या मातीची वीट तिच्यात चांगली निघत नाही. आणि गिऱ्हाईक तर विटेचा रंग व खणखणीत आवाज पाहूनच सौदा करते. त्यामुळे या भट्टीचा प्रसार मर्यादित राहिला.

याउलट, विटांची रचना नागमोडी करून हवेला वळणावळणाने जावयास लावणारी पद्धत अधिक पसरली. हवा विटांच्या व कोळशाच्या सान्निध्यात अधिक काळ राहत असल्याने ज्वलन चांगले होते आणि सुमारे वीस टक्के कोळसा वाचतो. शिवाय जुनी खंदकाची भट्टीच बदलून घेता येते. कागदावर जो पर्याय दुसरा होता तो व्यवहारात पहिला ठरला, तो यामुळे.

जुने तत्त्व, नवी भट्टी

उत्तर प्रदेशात आग्ऱ्याजवळ असलेले फिरोजाबाद काचेच्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील लहान कारखान्यांत मुशींमध्ये काच वितळवीत आणि त्यासाठी कोळसा जाळीत. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या संरक्षणार्थ त्याच्या परिसरातील उद्योगांना कोळसा वापरण्यास मनाई केली. नैसर्गिक वायू हे पर्यायी इंधन ठरले. कारखानदारांनी जुन्याच भट्ट्यांना वायूचे बर्नर बसविले. इंधन बदलले, पण उष्णता पूर्वीप्रमाणेच धुरांड्यावाटे वाया जात राहिली.

वाया जाणारी उष्णता पुन्हा वापरण्याचे तत्त्व काचधंद्यात एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. तथापि त्या तत्त्वावर बांधलेल्या मोठ्या भट्ट्या येथील छोट्या धंद्याला पेलण्यासारख्या नव्हत्या. दिल्लीच्या टाटा ऊर्जा संशोधन संस्थेने स्वित्झर्लंडच्या साहाय्याने फिरोजाबादच्या मुशींना जुळेल अशी वायूवरील भट्टी तयार केली. बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंनी ज्वलनाची हवा आधीच तापविण्याची सोय तीत आहे. कोळशाच्या जुन्या भट्टीच्या तुलनेने ऊर्जेचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला आणि ही रचना तेथे पसरत गेली. फिरोजाबादला अज्ञात असे तत्त्व नको होते. ज्ञात तत्त्व त्याच्या मापाचे करून हवे होते. ही गरज परदेशी यंत्रांच्या सूचीत सापडली नसती. ती भट्टीच्या तोंडाशी उभे राहूनच कळण्यासारखी होती.

वापरणाऱ्याचे मत

ज्याच्यासाठी साधन बनवावयाचे त्याला न विचारल्यास काय होते, हे सुधारित चुलींच्या इतिहासात दिसते. लाकूडफाटा अर्धवट जळाला की धुराबरोबर मिथेन आणि काजळीही बाहेर पडते. त्याच धुराने स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीची छाती भरते. हे टाळण्यासाठी १९८०च्या दशकात राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००२ साली तो थांबेपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या होत्या. पण त्यांतील बऱ्याच चुली पुढे वापरात राहिल्या नाहीत. कोठे चुलीला तडे गेले, कोठे धुरांडे काजळीने तुंबले, तर कोठे घरातील भांडी चुलीच्या तोंडावर बसेनात. दुरुस्ती कोणी करावी, हे ठरलेले नव्हते. चुली किती बसविल्या याचा हिशेब ठेवला गेला. वर्षभरानंतर किती पेटत होत्या, याकडे तेवढे लक्ष दिले गेले नाही. येथे साधन होते. परंतु कौशल्य आणि व्यवस्था यांची गरज मोजलीच गेली नव्हती.

अडथळा कोठे आहे?

काही वेळा साधन उत्तम असते, वापरणाऱ्यालाही ते हवे असते, आणि तरीही ते घरात पोचत नाही. एलईडी दिव्याची स्थिती प्रारंभी अशीच होती. साठ वॅटच्या जुन्या बल्बचे काम नऊ वॅटचा हा दिवा करतो. भारतातील निम्म्याहून बरीच अधिक वीज अद्याप कोळशापासून तयार होत असल्याने विजेची प्रत्येक बचत ही कोळशाचीही बचत असते. अडथळा होता तो किमतीचा. २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत सरकारी कंपनीने प्रचंड संख्येने एकत्र खरेदी केली. २०१४ साली तीनशे रुपयांच्या वर असलेली दिव्याची खरेदीची किंमत २०१६ पर्यंत चाळीस रुपयांच्या खाली आली, आणि छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. या बाबतीत देशाची गरज नव्या शोधाची नव्हती, तर खरेदीच्या नव्या पद्धतीची होती.

समारोप

या चारही उदाहरणांवरून एकच निष्कर्ष निघतो. गरज ही यंत्राच्या अभावापुरती नसते. ती कोठे मातीची असते, कोठे मापाची, कोठे दुरुस्तीची, तर कोठे किमतीची. म्हणून मूल्यमापन करणाऱ्या समितीत तज्ज्ञ व अधिकारी यांच्याबरोबर भट्टीवाला, कारागीर आणि गृहिणी यांचेही म्हणणे आले पाहिजे. आणि ते पर्याय निवडण्यापूर्वी आले पाहिजे, नंतर नव्हे. किमती उतरतात, इंधने बदलतात, लोकांच्या अपेक्षाही बदलतात. यास्तव हे काम एकदाच करून भागत नाही. ते ठरावीक कालाने पुन्हा करावे लागते.

भारताने २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट २०२१ साली जाहीर केले. अशा दीर्घ वाटचालीत चुकीच्या निवडीची किंमत पैशांत तर मोजावी लागतेच. पण बंद पडलेल्या साधनामुळे लोकांचा पुढच्या साधनावरील विश्वासही उडतो, आणि तो पुन्हा मिळविणे यंत्र मिळविण्याहून अवघड असते.