पत्रे पुसली, तरी डिस्क भरलेलीच!

शाळेच्या कार्यालयातील संगणकावर एके दिवशी सूचना झळकते : डिस्कवर जागा शिल्लक नाही. शोध घेतल्यावर असे आढळते की, बरीचशी जागा ई-मेलनेच व्यापलेली आहे. गेल्या आठ-दहा वर्षांतील परिपत्रके, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, पालकांचे अर्ज, सारे तेथे साठून राहिले आहे. मग कोणीतरी चिकाटीने बसून दोन-तीन हजार पत्रे पुसून टाकतो. काम संपल्यावर मोठ्या आशेने मोकळी जागा पाहतो, तर ती वाढलेली नाहीच. उलट थोडी कमीच झालेली दिसते!

संगणक बिघडला असावा, असे अशा वेळी पुष्कळांना वाटते. कोणी व्हायरसला दोष देतो. कोणी चिडून आणखी पत्रे पुसतो आणि त्यात जपून ठेवायला हवी होती तीही जातात. वस्तुतः संगणकाचे काहीच चुकलेले नसते. पत्र पुसणे आणि पत्राची जागा मोकळी होणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले काम झाले म्हणजे दुसरे आपोआप होतेच असे नाही. ते का, हे आज पाहू.

उधारीची वही

उदाहरणासाठी आपण 'थंडरबर्ड' हा ई-मेल वाचण्याचा प्रोग्रॅम घेऊ. मोझिला या संस्थेने त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली प्रसिद्ध केली. तो फुकट मिळतो, आणि त्याच्या फाइली उघडून पाहता येतात, हा आपल्या दृष्टीने त्याचा मोठाच गुण.

थंडरबर्डमध्ये 'इनबॉक्स' नावाचा एक फोल्डर दिसतो आणि त्यात समजा पाच हजार पत्रे आहेत. तुमची कल्पना अशी होईल की, डिस्कवर पाच हजार फाइली असतील. पण नेहमीच्या मांडणीत तेथे पत्रांची एकच लांबलचक फाइल असते. पहिले पत्र संपले की त्याला चिकटून दुसरे, त्याला चिकटून तिसरे. नवे पत्र आले की ते शेवटी जोडले जाते. या मांडणीला 'एमबॉक्स' म्हणतात. ती युनिक्स संगणकांच्या जुन्या काळापासून चालत आलेली आहे.

आता किराणा दुकानदाराची उधारीची वही डोळ्यांसमोर आणा. एखाद्याने पैसे चुकते केले की दुकानदार काय करतो? त्या नोंदीवर आडवी रेघ मारतो. तो काही ती ओळ कात्रीने कापून काढत नाही, आणि खालच्या सगळ्या ओळी खोडून एकेक ओळ वर सरकवून लिहीत बसत नाही. वहीत शंभर नोंदींवर रेघा मारल्या तरी वही पूर्वीइतकीच जाड राहते.

थंडरबर्ड हेच करतो. प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला प्रोग्रॅमने स्वतःसाठी राखलेली एक ओळ असते. पत्र पुसले की त्या ओळीत 'हे पुसले' अशी खूण होते. यादीतून पत्र नाहीसे होते, पण फाइलमधील त्याचे शब्द न् शब्द जागच्या जागी असतात. ही आळशीपणाची पळवाट आहे असे समजू नका. फाइल दोन गिगाबाइटची आहे आणि तुम्ही तिच्या आरंभीचे चार मेगाबाइटचे पत्र पुसले, असे समजा. ते खरोखर कापून काढायचे तर त्यामागील जवळजवळ दोन गिगाबाइट मजकूर उचलून पुढे सरकवावा लागेल. एका बटणाच्या दाबण्यासाठी एवढी उलाढाल! जुन्या, संथ डिस्कच्या काळात तर हे परवडणारेच नव्हते. खूण करून ठेवणे ही विचारपूर्वक केलेली तडजोड आहे.

पण मग मोकळी जागा कमी का झाली? त्याचे कारण कचरापेटी. पुसलेले पत्र 'ट्रॅश' या फोल्डरमध्ये जाते, असे आपण म्हणतो. पण ट्रॅश ही डिस्कवरील दुसरी फाइल आहे. पत्र तेथे 'जाते' म्हणजे त्याची एक नक्कल तेथे लिहिली जाते आणि मूळ पत्रावर खूण होते. थोडक्यात, पुसल्यानंतरच्या क्षणी तेच पत्र डिस्कवर दोनदा असते.

कचरापेटी रिकामी केली की नक्कल जाते. इनबॉक्समधील खुणा केलेली पत्रे काढण्यासाठी मात्र निराळी आज्ञा द्यावी लागते. तिचे नाव 'कॉम्पॅक्ट'. ही आज्ञा मिळाल्यावर प्रोग्रॅम एक कोरी फाइल घेतो, खूण नसलेली पत्रे तेवढी तिच्यात उतरवतो, आणि सगळी उतरून झाली की जुनी फाइल टाकून देतो. दुकानदार दिवाळीला नवी वही घालतो आणि येणे असलेल्या नोंदीच तिच्यात ओढतो, तसेच हे. बचत पुरेशी मोठी असेल तर थंडरबर्ड हे काम आपणहूनही करतो, पण त्याची वाट पाहत बसू नये.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. नवी फाइल लिहून पूर्ण होईपर्यंत जुनी फाइल डिस्कवर असावीच लागते. म्हणजे जागा मोकळी करण्यासाठी आधी थोडी जागा मोकळी असावी लागते! डिस्क काठोकाठ भरेपर्यंत थांबलेल्या माणसाची पंचाईत होते ती येथेच. अशा वेळी आधी कचरापेटी रिकामी करावी, एखादी मोठी चित्रफीत तात्पुरती पेनड्राइव्हवर हलवावी, आणि मग कॉम्पॅक्टची आज्ञा द्यावी.

छायाचित्र फुगते कसे

तीन मेगाबाइटचे छायाचित्र पत्राला जोडून पाठवले, तर पत्र किती मोठे होईल? तीनपेक्षा थोडे जास्त, असे उत्तर बहुतेकांकडून येते. खरे उत्तर चारपेक्षा थोडे जास्त, असे आहे. हा वाढीव मेगाबाइट कोठून आला?

१९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने जाळ्यावरून एका संगणकावरचे पत्र दुसऱ्या संगणकावर पाठवले, तेव्हा पत्र म्हणजे केवळ इंग्रजी अक्षरे होती. त्यांना सात बिट पुरत. दोनचा सातवा घात १२८, आणि तेवढ्यात सर्व अक्षरे, अंक व विरामचिन्हे बसतात. पुढे ई-मेलचे नियम ठरले तेही सात बिटांचेच. छायाचित्रातील प्रत्येक बाइट मात्र आठ बिटांचा असतो. आठवा बिट वाटेत शाबूत राहीलच याची हमी नव्हती.

१९९२ साली नॅथानियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाचा संकेत मांडला. त्यातील एक पद्धत म्हणजे 'बेस-६४'. ती इतकी सोपी आहे की तुम्ही ती कागदावर करून पाहू शकाल. इंग्रजीची २६ मोठी अक्षरे, २६ लहान अक्षरे, १० अंक, बेरजेचे चिन्ह आणि तिरकी रेघ मिळून ६४ सुरक्षित चिन्हे होतात. ६४ म्हणजे दोनचा सहावा घात, म्हणून एका चिन्हात सहा बिट मावतात. तीन बाइट घेतले की बिट झाले २४. त्यांचे सहा-सहाचे चार गट पाडले की चार चिन्हे मिळतात. तीन बाइटांची चार चिन्हे, आणि पत्रात प्रत्येक चिन्ह एक बाइट जागा घेते. झाली तेथेच एकतृतीयांश वाढ! शिवाय एका ओळीत ७६ चिन्हे मावतात, आणि प्रत्येक ओळीअखेर ती संपल्याच्या दोन खुणा असतात. म्हणजे मूळच्या ५७ बाइटांचे ७८ होतात. या प्रमाणाने ३ मेगाबाइटचे छायाचित्र सुमारे ४.१ मेगाबाइट होते.

मराठी मजकुराचाही हिशेब करून पाहण्याजोगा आहे. आजच्या रूढ 'यूटीएफ-८' संकेतात देवनागरीतील प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. 'नमस्कार' या शब्दात न, म, स, पाय मोडण्याची खूण, क, काना आणि र अशा सात खुणा आहेत. म्हणजे २१ बाइट, आणि बेस-६४ मध्ये २८. माइममधील दुसऱ्या एका पद्धतीत अशा प्रत्येक बाइटासाठी तीन चिन्हे लिहितात. त्या पद्धतीने हाच नमस्कार ६३ बाइटांचा होतो!

पण म्हणून मराठीत पत्रे लिहायला कचरू नका. पानभर मराठी पत्रात समजा दीड हजार खुणा आहेत. त्यांचे साडेचार हजार बाइट झाले. तीन मेगाबाइटमध्ये असा मजकूर साडेसहाशे वेळा मावेल. पत्त्यांच्या व प्रवासाच्या नोंदी धरून हिशेब सैल केला, तरी एक छायाचित्र काहीशे पत्रांना भारी पडते. तेव्हा हजारो लहान पत्रे पुसत बसणे हा निव्वळ कालापव्यय आहे. पत्रांची यादी आकाराप्रमाणे लावावी. पहिल्या पन्नास-शंभर पत्रांतच बहुतेक सारी जागा अडकलेली दिसेल. त्यांतील मजकूर हवा असेल तर पत्र पुसण्याचेही कारण नाही. थंडरबर्डमध्ये जोडलेली फाइल वेगळी काढून ठेवण्याची सोय आहे. ती 'डिटॅच' केली की छायाचित्र दुसरीकडे मूळ आकारात जपले जाते आणि पत्र हलके होते. मात्र येथेही हलक्या पत्राची नवी प्रत लिहिली जाते आणि जुन्या जड प्रतीवर खूण होते, म्हणून शेवटी कॉम्पॅक्ट करावेच लागते. 'पाठवलेली पत्रे' हा फोल्डरही विसरू नका. तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक छायाचित्राची फुगलेली प्रत तेथे असते.

प्रयोग

शिक्षकांच्या मदतीने हा प्रयोग शाळेतील संगणकावर करता येईल. 'लोकल फोल्डर्स'मध्ये 'चाचणी' नावाचा नवा फोल्डर करा. तीन मेगाबाइटच्या आसपासचे छायाचित्र असलेल्या एका पत्राच्या दहा नकला त्यात टाका. फोल्डरच्या नावावर माउसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' पाहिले की डिस्कवरील आकार दिसतो. तो सुमारे ४१ मेगाबाइट भरेल. आता त्यांतील सहा पत्रे पुसा. चाचणीचा आकार ४१ च राहील आणि ट्रॅशचा सुमारे २४.६ ने वाढेल. एकूण ६५ च्या वर! ट्रॅशमध्ये कोणाचे कामाचे पत्र नाही याची खात्री करून तो रिकामा करा. एकूण पुन्हा ४१. मग चाचणी फोल्डर कॉम्पॅक्ट करा. आता राहतील चार पत्रांचे १६.४. पाहिलेले आकडे वहीत टिपून ठेवा आणि छायाचित्राच्या मूळ आकारावरून ७८ भागिले ५७ हे प्रमाण मिळते का, ते ताडून पाहा.

हा प्रयोग लोकल फोल्डर्समध्येच करायला सांगितला, त्याला कारण आहे. आज बहुतेक खाती 'आयमॅप' पद्धतीने चालतात. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली तिचा पाया घातला. या पद्धतीत पत्रांचा मुख्य साठा दूरच्या सर्व्हरवर असतो आणि आपल्या संगणकावर असते ती त्याची प्रत. आपण येथे पुसले की तेथेही पुसले जाते, आणि मग मोबाइलवरूनही ते नाहीसे होते. डिस्कवर जागा करण्याच्या नादात एखाद्याची प्रवेशपत्रे आणि पावत्या कायमच्या जातात त्या अशा. आयमॅपचे खाते असेल आणि तुम्हाला फक्त आपल्या डिस्कवरचा भार उतरवायचा असेल, तर पत्रे पुसू नका. खात्याच्या सेटिंगमध्ये 'पत्रांची प्रत या संगणकावर ठेवा' अशा अर्थाची निवड असते, ती काढा. सर्व्हरवरची मर्यादा भरली असेल, उदाहरणार्थ जीमेलच्या फुकट खात्याची १५ गिगाबाइटची, तर मात्र पुसण्याला पर्याय नाही. डिस्क भरली आहे की खाते भरले आहे, हे आधी ओळखावे. खाते भरले तर नवी पत्रे पाठवणाऱ्याकडे परत जाऊ लागतात, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता एक प्रश्न उरतो. कॉम्पॅक्ट केल्यावर टाकून दिलेल्या जुन्या फाइलचे काय होते? चुंबकीय डिस्कवर ती तशीच पडून असते! संगणक फक्त आपल्या नोंदवहीत 'ही जागा मोकळी' असे लिहितो. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तेथील चुंबकन बदलत नाही. म्हणूनच जुना संगणक विकण्यापूर्वी डिस्क नीट पुसणारा खास प्रोग्रॅम चालवतात.

नव्या 'एसएसडी' डिस्कमध्ये चुंबक नाही. तेथे विद्युतभार साठवतात, आणि प्रकार अधिकच मजेदार आहे. तिच्यात लिहिता येते ते काही किलोबाइटांच्या एकेका पानावर, पण पुसता येतो तो अशा शेकडो पानांचा अख्खा ठोकळा. एक पान नकोसे झाले तर डिस्क त्याच्यावर खूण करते. पुढे सवडीने त्या ठोकळ्यातील कामाची पाने ती दुसऱ्या कोऱ्या ठोकळ्यात उतरवते आणि मग जुना ठोकळा एकदम पुसते. दुकानदाराची नवी वही येथे डिस्कच्या पोटातच तयार होत असते. या उतरवण्यालाही मोकळी जागा लागतेच, म्हणून कारखानदार प्रत्येक एसएसडीमध्ये थोडी जागा राखून ठेवतात. ती आपल्याला कधी दिसत नाही आणि वापरताही येत नाही.